विश्लेषण : शाळकरी मुलांचा ‘सेवा प्रकल्प’, गुण कोणाला, उपयोग कोणाला?

खराडीसारख्या भागात नववी-दहावीतील विद्यार्थी सोसायटीतील लहान मुलांना हाताशी धरून पुस्तके, कपडे, खेळणी गोळा करतात आणि एखाद्या संस्थेला नेऊन देतात. शाळेच्या मूल्यमापनात अशा प्रकल्पांना जागा असते, पालकांचा पाठिंबाही असतो. लहान वयात देण्याची सवय लागावी, हा हेतूही चांगलाच. मात्र प्रकल्प यशस्वी झाला की नाही, हे कोणाच्या बाजूने पाहून ठरवायचे, हा प्रश्न बहुतेक वेळा विचारला जात नाही. हे प्रकल्प कसे चालतात, शाळा ते का देतात, त्यातून लहान मुले काय शिकतात आणि कायदा काय सांगतो, याचा हा आढावा.

प्रकल्प नेमका कसा असतो?

ईऑन आयटी पार्क, वर्ल्ड ट्रेड सेंटर आणि त्यांच्याभोवती उभ्या राहिलेल्या उंच इमारती ही आजच्या खराडीची ओळख. एकेका मोठ्या सोसायटीत काही शे कुटुंबे राहतात. संध्याकाळी खाली खेळायला येणारी मुलेही तशीच भरपूर. शाळेने ‘समाजासाठी काही तरी करा’ असे सांगितले की पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याला सर्वांत जवळचे मनुष्यबळ दिसते ते हेच.

पुढचा क्रम साधारण ठरलेला असतो. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोस्टर येते. शनिवारी क्लब हाऊसमध्ये सहा ते दहा वर्षांची मुले जमतात. त्यांना झेपतील अशी कामे वाटली जातात. कोणी जुन्या पुस्तकांची वर्गवारी करते, कोणी शुभेच्छापत्रे किंवा पणत्या रंगवते, कोणी आईच्या मदतीने भेळेचा किंवा लिंबू सरबताचा स्टॉल लावते. शेवटी एक दिवस बालगृहात, वृद्धाश्रमात किंवा बांधकाम मजुरांच्या वस्तीवर जाऊन वाटप होते. फोटो निघतात, लहान मुलांना प्रमाणपत्र मिळते आणि मोठा विद्यार्थी अहवाल लिहायला बसतो.

या साखळीत तीन टोके आहेत. आयोजन करणारा मोठा विद्यार्थी, त्याच्या हाताखाली काम करणारी लहान मुले आणि ज्यांच्यासाठी हे सारे चालले आहे ती माणसे. पहिल्या दोघांना काय मिळाले, ते अहवालात सविस्तर लिहिता येते. तिसऱ्याचा उल्लेख बरेचदा ‘इतक्या मुलांना इतक्या वह्या’ एवढ्यावरच थांबतो.

शाळा असे प्रकल्प का देतात?

जवळपास प्रत्येक अभ्यासक्रमात समाजसेवेसाठी जागा आहे, फक्त नाव वेगळे आहे.

आंतरराष्ट्रीय अर्थात आयबी अभ्यासक्रमाच्या शाळा पुण्यात आहेत. खराडीतील व्हिक्टोरियस किड्स एज्युकेअर्स ही त्यांपैकी एक. आयबीचा ‘एमवायपी’ हा टप्पा ११ ते १६ वयोगटासाठी असतो. त्यात ‘कम्युनिटी प्रोजेक्ट’ आणि शेवटच्या वर्षी ‘पर्सनल प्रोजेक्ट’ अशी रचना आहे. कम्युनिटी प्रोजेक्ट एकट्याने किंवा जास्तीत जास्त तिघांच्या गटाने करता येतो. त्यासाठी सुमारे १५ तास अपेक्षित असतात. पर्सनल प्रोजेक्ट एकट्यानेच करायचा असतो आणि त्यासाठी सुमारे २५ तास धरले जातात. त्याचा विषय विद्यार्थी स्वतः निवडतो, त्यामुळे तो समाजसेवेचाच असेल असे नाही. पण अनेकांना हा विषय जवळचा वाटतो. पुढे डिप्लोमा टप्प्यात ‘कॅस’ म्हणजे सर्जनशीलता, शारीरिक उपक्रम आणि सेवा हा भाग १८ महिने चालतो. त्याला गुण नसतात, पण तो पूर्ण केल्याशिवाय डिप्लोमा मिळत नाही.

सीबीएसईने नववी ते बारावीच्या आरोग्य व शारीरिक शिक्षणात ‘सेवा’ नावाचा भाग ठेवला आहे. आयसीएसई शाळांत ‘एसयूपीडब्ल्यू’ म्हणजे समाजोपयोगी उत्पादक कार्य अनेक वर्षांपासून आहे. महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजना आहे. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन ती सुरू झाली. तिच्या स्वयंसेवकाने वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम करायचे असते आणि सात दिवसांचे विशेष शिबिरही करायचे असते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विद्यार्थ्यांनीच विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या पद्धतीला दुजोरा दिला आहे. प्रशिक्षित शिक्षकांच्या देखरेखीखाली, ऐच्छिक आणि आनंददायी उपक्रम म्हणून हे करता येईल, असे धोरण सांगते. यातले ‘ऐच्छिक’ आणि ‘देखरेखीखाली’ हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत.

गुण नेमके कशाचे मिळतात?

येथे पर्सनल प्रोजेक्टची गुणपद्धत समजून घ्यायला हवी. तिचे तीन निकष आहेत: नियोजन, कौशल्यांचा वापर आणि चिंतन. प्रत्येकाला आठ, असे एकूण २४ गुण. ‘चिंतन’ या निकषात प्रकल्पाचा स्वतःवर किंवा स्वतःच्या शिकण्यावर काय परिणाम झाला, हे विद्यार्थ्याने लिहायचे असते. ज्यांना मदत झाली त्यांच्या आयुष्यात काय फरक पडला, यासाठी स्वतंत्र निकष नाही.

यात अभ्यासक्रमाचा दोष काढण्याचे कारण नाही. ती शाळेची परीक्षा आहे, मोजायचे आहे ते विद्यार्थ्याचे शिक्षण. परिणाम मात्र असा होतो की प्रकल्प मनापासून केला, अहवाल उत्तम लिहिला, पण मिळालेली पुस्तके संस्थेच्या कपाटात तशीच पडून राहिली, तरी गुणांत फरक पडेलच असे नाही.

याच पद्धतीत एक दार मात्र उघडे आहे. प्रकल्पाच्या सुरुवातीला ‘यशाचे निकष’ विद्यार्थ्याने स्वतःच ठरवायचे असतात आणि शेवटी आपले काम त्या निकषांवर तपासायचे असते. ‘२०० पुस्तके गोळा करणे’ हा निकष त्याने लिहिला, तर २०० पुस्तके जमली की प्रकल्प यशस्वी. ‘आठ आठवड्यांनंतर दहा मुले गोष्टीचे एक पान न अडखळता वाचतील’ असा निकष लिहिला, तर सारे काम त्या दहा मुलांभोवती फिरते. दोन्हींसाठी तास तेवढेच लागतात, गुणांची कमाल मर्यादाही तीच. निवड विद्यार्थ्याच्या हातात असते.

सहा-सात वर्षांच्या मुलांना यात आणावे का?

‘एवढ्या लहान मुलांना काय कळते?’ हा पालकांचा नेहमीचा प्रश्न. मानसशास्त्रातील प्रयोग सांगतात की मदत करण्याची ओढ त्याहूनही लवकर दिसते.

जर्मनीतील लाइपझिग येथील माक्स प्लांक संस्थेतील फेलिक्स वार्नेकेन आणि मायकल टॉमसेलो यांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी माणसाच्या हातून वस्तू खाली पडली आणि ती त्याला घेता येत नाही असे दिसले की १८ महिन्यांची मुले कोणी न सांगता ती उचलून देत होती. बक्षीस नाही, शाबासकी नाही, तरीही.

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील लारा अॅकनिन आणि सहकाऱ्यांचा २०१२ मधील अभ्यास आणखी पुढे जातो. दोन वर्षांखालील मुलांना खाऊ मिळाला तेव्हा ती खूश झाली. पण बाहुल्याला खाऊ देताना ती अधिक आनंदी दिसली. सर्वांत जास्त आनंद दिसला तो स्वतःच्या वाट्याचा खाऊ दिला तेव्हा. दुसऱ्या कोणाचा खाऊ पुढे करण्यात तेवढा आनंद नव्हता.

सोसायटीतल्या प्रकल्पासाठी हा धडा थेट उपयोगाचा आहे. आईने कपाट आवरून काढलेली पिशवी मुलाच्या हातात देऊन ती खोक्यात टाकायला लावणे, हे दुसऱ्याचा खाऊ पुढे करण्यासारखे आहे. आवडते, अजून न फाटलेले एक पुस्तक मुलाने स्वतः निवडून देणे किंवा आपला शनिवारचा खेळण्याचा एक तास देणे, हे वेगळे.

प्रमाणपत्र, पदक, बक्षीस द्यावे का?

वार्नेकेन आणि टॉमसेलो यांनीच २००८ मध्ये याची तपासणी केली. मदत केल्यावर ज्या २० महिन्यांच्या मुलांना खेळण्याच्या रूपात बक्षीस दिले गेले, ती नंतर कमी मदत करू लागली. ज्यांचे नुसते कौतुक झाले किंवा ज्यांना काहीच मिळाले नाही, त्यांची मदत कमी झाली नाही. बक्षीस सुरू झाले की मदत हा सौदा होतो आणि सौदा बंद झाला की मदतही आटते, असा याचा अर्थ लावला जातो.

प्रयोग अगदी लहान मुलांवरचा आहे, तो आठ वर्षांच्या मुलांना जसाच्या तसा लागू होईल असे म्हणता येत नाही. तरीही दर उपक्रमामागे रंगीत प्रमाणपत्र छापणाऱ्या आयोजकांनी क्षणभर थांबावे, एवढे कारण त्यात नक्की आहे. ‘तू वेगळी काढलेली पुस्तके त्या मुलांनी वाचली, त्यांना माकडाची गोष्ट आवडली’ हे सांगणे लहान मुलासाठी प्रमाणपत्रापेक्षा मोठे असते. ते सांगता यावे म्हणून मात्र आयोजकाला परत जाऊन विचारावे लागते.

सक्तीने सेवाभाव येतो का?

जगात काही ठिकाणी हा प्रयोग झाला आहे. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात शालेय पदवीसाठी ७५ तासांची सेवा सक्तीची आहे. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताने १९९९ पासून ४० तासांची अट घातली. तेथे सक्ती असलेल्या आणि नसलेल्या, एकाच वेळी शाळेतून बाहेर पडलेल्या दोन तुकड्यांची संशोधकांनी पुढे तुलना केली. केवळ सक्तीमुळे नंतरच्या सामाजिक सहभागात ठळक फरक पडल्याचे त्यांना दिसले नाही. आलेला अनुभव चांगला होता का आणि काम किती काळ टिकले, याला अधिक महत्त्व होते.

म्हणजे तासांची नोंदवही भरली म्हणून सवय लागतेच असे नाही. सोसायटीतील लहान मुलांच्या बाबतीत तर हे अधिक खरे. ज्याला यायचे नाही त्याला ‘सगळे जात आहेत, तूही जा’ म्हणून पाठवले, तर तो पुढच्या वेळी सबब शोधतो.

महाराष्ट्राला हे नवीन आहे का?

अजिबात नाही. पुण्यात बाहेरगावाहून शिकायला आलेली गरीब मुले वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. काही मुले माधुकरी मागत. १९०९ मध्ये सुरू झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाचा, म्हणजे आजच्या पुणे विद्यार्थी गृहाचा, सुरुवातीचा काळ माधुकरीवरच गेला. ही व्यवस्था जातीच्या चौकटीत अडकलेली होती, सर्वांसाठी खुली नव्हती, हे विसरता येत नाही. पण वाराच्या पद्धतीत एक गोष्ट होती. घेणारा मुलगा देणाऱ्याच्या पंगतीला बसायचा. घरातल्या मुलांना त्याचे नाव, गाव आणि इयत्ता माहीत असायची.

चौकट मोडण्याचे काम कर्मवीर भाऊराव पाटील यांनी केले. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि तिच्या वसतिगृहांत सर्व जातींची मुले एकत्र राहू-जेवू लागली. घराघरांतून मूठभर धान्य बाजूला काढण्याच्या ‘मुष्टिफंडा’चा त्याला आधार होता. ‘कमवा आणि शिका’ ही त्याचीच दुसरी बाजू. मदत घेणारा मुलगा श्रमही करत होता, त्यामुळे तो नुसता हात पुढे करणारा राहिला नाही.

मोठ्यांनी लहानांना सोबत घेण्याची शिस्तही जुनी आहे. स्काउट-गाइड चळवळीत लहान मुलांच्या कब-बुलबुल पथकांपासून पुढे नेतृत्वाची साखळी असते. अनेक पालकांनी शाळेत असताना ‘खरी कमाई’चा स्टॉल लावला असेल. त्यामागचे तत्त्व सोपे आहे: वर्गणी मागू नका, काम करा, कमवा आणि मग द्या. सोसायटीतील भेळेचा स्टॉल हा त्याचाच नवा अवतार. फक्त भेळ आईने केली, पैसे बाबांनी दिले आणि मुलाने डबा धरला, तर ती कमाई खरी राहत नाही.

खराडीत गरज कोणाची आणि कसली?

उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. खराडीतील टॉवर ज्यांनी बांधले आणि आजही बांधत आहेत, त्या मजुरांची कुटुंबे बांधकामाजवळच्या पत्र्याच्या खोल्यांत राहतात. मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, कर्नाटकातून आलेली ही कुटुंबे एक इमारत पूर्ण झाली की पुढच्या साइटवर जातात. मुलांची शाळा मध्येच तुटते, भाषा बदलते, कागदपत्रे गावी राहतात.

पुण्यात या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्था आहेत. बीना शेठ लष्करी आणि रजनी परांजपे यांनी १९८८ मध्ये मुंबईत सुरू केलेली ‘डोअर स्टेप स्कूल’ पुण्यातही बांधकामांवरील मुलांसाठी वर्ग चालवते आणि त्यांना जवळच्या शाळेत दाखल करते. ‘तारा मोबाइल क्रेशेस’ ही संस्था साइटवर पाळणाघरे चालवते. मुलांच्या हातून देणगी पोहोचवण्याआधी अशा संस्थांना ‘आत्ता तुम्हाला काय हवे आहे?’ असे विचारले, तर यादी अनेकदा वेगळीच निघते. जुने कपडे खूप झालेले असतात. कमी पडतो तो ठरलेल्या वेळी, ठरलेल्या दिवशी, न चुकता येणारा माणूस.

कपड्यांचेही तसेच. दिल्लीतून १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘गूंज’ या संस्थेचे संस्थापक अंशू गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शहरातील वापरलेले सामान ही संस्था खेड्यात फुकट वाटत नाही. गावाने आपल्या गरजेचे काम, म्हणजे विहीर, रस्ता किंवा बांध, श्रमाने करायचे आणि त्याचा मोबदला म्हणून सामान घ्यायचे, अशी तिची पद्धत आहे. शिवाय प्रत्येक कपडा तपासला जातो. अंगावर घालण्याजोगा नसेल तर त्या कापडाचा दुसरा उपयोग केला जातो. सोसायटीतील लहान मुलांना शिकवण्यासारखा हा पहिला धडा आहे: ‘हे आपण स्वतः वापरले असते का?’ उत्तर ‘नाही’ असेल, तर ती वस्तू दानाच्या खोक्यात न टाकता भंगारात द्यावी.

वस्तूंच्या पलीकडे मोठी मुले काय करू शकतात?

बरेच काही, आणि इथे पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याचे खरे कौशल्य लागते.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळाला पाहिजे. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला किंवा वर्ष सुरू होऊन गेले, तरीही नाही. हे अनेक मजूर पालकांना माहीत नसते. हिंदीत, मराठीत, कन्नडमध्ये एका पानाचे सोपे पत्रक तयार करणे हा उत्तम प्रकल्प होऊ शकतो.

दुसरे उदाहरण शासकीय योजनेचे. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी झालेल्या कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना शैक्षणिक साहाय्य मिळते. पहिली ते सातवीसाठी वर्षाला २,५०० रुपये, आठवी ते दहावीसाठी ५,००० रुपये. त्यासाठी ७५ टक्के हजेरी लागते. कामगाराच्या नोंदणीसाठी वय १८ ते ६० आणि आधीच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामाचे काम, अशी अट आहे. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि अडचण तिथेच येते. संस्थेच्या कार्यकर्त्यासोबत बसून मोठ्या विद्यार्थ्यांनी अर्ज भरायला मदत केली, तर एका कुटुंबाला होणारा लाभ दहा वह्यांच्या संचापेक्षा किती तरी मोठा असतो.

मग सहा-सात वर्षांच्या मुलांना काम काय उरते? वाचन. ‘प्रथम बुक्स’चे ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ २०१५ मध्ये सुरू झाले. त्यावर मराठी, हिंदी, कन्नडसह अनेक भाषांतील सचित्र गोष्टी मोफत वाचता आणि छापता येतात. एकच गोष्ट दोन भाषांत मिळू शकते. खराडीतल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलाचे मराठी कच्चे असते, साइटवरच्या मुलाचेही शाळेतले मराठी कच्चे असते. दोघांनी एकच पान मिळून वाचले, तर कोण कोणाला मदत करतो आहे, हे चटकन सांगता येणार नाही.

कायदा काय सांगतो?

चांगल्या हेतूने केलेल्या कामातही काही मर्यादा पाळाव्या लागतात.

फोटो : बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करणारी माहिती किंवा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. बालगृहातील मुले यात येतात. उल्लंघन झाल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. वाटपाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकण्याआधी हे लक्षात ठेवायला हवे.

पैसे : लोकांकडून धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करण्यावर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे नियंत्रण आहे. गणेश मंडळे दरवर्षी धर्मादाय कार्यालयाकडून कलम ४१-क खाली जी परवानगी घेतात, ती याचसाठी. विद्यार्थ्यांनी स्वतःच्या किंवा पालकांच्या खात्यात पैसे घेण्यापेक्षा देणगीदाराने थेट नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात भरावेत आणि पावती घ्यावी, हा सोपा मार्ग. वस्तूंच्या देणगीवर प्राप्तिकरात वजावट मिळत नाही, हेही देणाऱ्यांना आधीच सांगावे.

सुरक्षितता : चालू बांधकामावर लहान मुलांना नेऊ नये. संस्थेच्या वर्गात जावे, तेही संस्थेच्या परवानगीने आणि पालकांच्या लेखी संमतीने. पंधरा वर्षांचा आयोजक हा स्वतःही कायद्याने बालकच आहे. सात वर्षांच्या मुलांची जबाबदारी त्याच्या एकट्यावर टाकता येत नाही. प्रत्येक वेळी सोबत प्रौढ व्यक्ती हवी.

चांगला प्रकल्प कसा ओळखायचा?

पालकांना, शिक्षकांना आणि सोसायटीच्या समितीला पाच प्रश्न विचारता येतील.

१. गरज कोणी सांगितली? संस्थेने की पोस्टर करणाऱ्याने?

२. लहान मुलांचे काम खरे आहे का? म्हणजे ते काम झाले नाही, तर काही अडेल का?

३. देणारी आणि घेणारी मुले एकमेकांना नावाने ओळखतील का?

४. प्रकल्प एका दिवसाचा आहे की काही आठवड्यांचा?

५. अहवाल जमा झाल्यावर पुढच्या शनिवारी कोण जाणार आहे?

हिशेबही फार अवघड नाही. पर्सनल प्रोजेक्टचे २५ तास धरले, तर आठ शनिवार प्रत्येकी दीड तास याप्रमाणे १२ तास प्रत्यक्ष वाचनाचे होतात. उरलेल्या १३ तासांत संस्थेशी बोलणे, गोष्टी निवडणे, लहान मुलांची तयारी करून घेणे आणि अहवाल हे सारे बसते. एका मोठ्या वाटपाच्या तयारीलाही एवढाच वेळ जातो.

सोसायटीची भूमिका काय?

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. वाटप करायला सोसायटीतील मुले वस्तीवर जातात. वाचनाच्या तासासाठी वस्तीवरची मुले क्लब हाऊसमध्ये येऊ शकतात का? गेटवर नोंद कशी होईल, लिफ्ट कोणती वापरायची, तासानंतर ती मुले घसरगुंडीवर गेली तर कोणी हरकत घेईल का, हे मुद्दे समितीच्या बैठकीत निघतील. पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याने हे प्रश्न समितीपुढे मांडणे आणि त्यावर लेखी निर्णय मिळवणे, हे नियोजन आणि कौशल्य या दोन्ही निकषांत बसणारे काम आहे. समितीने नकार दिला, तर तेही अहवालात प्रामाणिकपणे लिहिता येते.

मोठ्यांच्या या उत्तराकडे लहान मुलांचे लक्ष असते. वह्या देताना जो मुलगा ‘आपला मित्र’ होता, तो गेटमधून आत येऊ शकत नाही, हे सात वर्षांच्या मुलाच्या लगेच लक्षात येते. त्या दिवशी तो जे शिकतो, ते कोणत्याही पोस्टरवर लिहिलेले नसते.

पुढे काय?

असे प्रकल्प बंद करावेत, असे कोणीच म्हणणार नाही. ते शाळेच्या वर्षासोबत संपू नयेत, एवढेच पाहायला हवे. त्यासाठी एक साधी वही पुरते: कोणत्या संस्थेत, कोणत्या वारी, कोणती मुले, कोणते पुस्तक, कोणत्या पानापर्यंत. दहावीचा विद्यार्थी बाहेर पडताना ती वही आठवीतल्या कोणाकडे तरी देतो. आज क्लब हाऊसमध्ये खाली बसून पुस्तकांवर लेबल चिकटवणारी सहा वर्षांची मुलगी नऊ वर्षांनी पंधराची होईल. तेव्हा तिला ‘समाजासाठी काही तरी करा’ असे शाळेने सांगितले, तर विषय शोधत बसण्याची वेळ तिच्यावर येऊ नये. कोणत्या शनिवारी कोणाकडे जायचे, हे तिला आधीपासून माहीत असावे.